थंडीच्या गावाला पाठवलेलं झेंडूचं बी

ताईचं ते पत्र मी आईला ओटीवर बसून वाचून दाखवत होते. फेब्रुवारीचे दिवस होते. आई समोर सुपात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. बाळ गेल्याचं आम्हाला तारेने आधीच कळलं होतं. जानेवारीत मुलगी झाली आणि नऊ तासांनी गेली, एवढंच त्या तारेवरून समजलं होतं. पुढचं सगळं या पत्रात होतं. मी वाचत गेले आणि एका वाक्यावर थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही. "दफन अजून झालेलं नाही. इथे जमीन दगडासारखी गोठली आहे, मेमध्ये मऊ होईल, तेव्हा करतील."

आईचे हात थांबले.

"म्हणजे बाळ आत्ता कुठे आहे?"

मी पुढच्या ओळी मनात वाचल्या आणि सांगितलं, "तिथल्या सिमेट्रीत एक दगडी खोली आहे. हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांना तिथे ठेवतात."

"मेपर्यंत?"

"हो."

"एकटीला?"

"तिथे आणखीही असतील गं," मी म्हणाले. त्याने कुणाला धीर येणार होता कोण जाणे. आईने सूप बाजूला सारलं, उठली आणि वाडीत निघून गेली. अंधार पडायला लागला तरी ती बावखलाच्या काठावर, आमच्या बागेला पाणी पुरवणाऱ्या त्या तळ्याशी, उभी होती.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. वडील मी आठवीत असताना गेले. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत केळी होत्या, थोडे माड होते, आणि उरलेल्या जागेत आई फुलं लावायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मुंबईत नर्सिंग शिकली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. तिथल्या एका लहानशा गावात, सपाट गव्हाच्या मुलखात, ती इस्पितळात काम करत होती. तिच्या त्या गावाबद्दल आम्हाला पत्रातून कळायचं तेवढंच ठाऊक होतं. एक पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागायचे.

आईला लिहिता येत नसे. प्रार्थनेचं पुस्तक ती शब्दांखाली बोट ठेवून वाचायची, पण पत्रासाठी मलाच बसवायची. ती आमच्या घरच्या बोलीत सांगायची आणि मी ते शाळेतल्या मराठीत उतरवायचे. त्यात बरंच काही निसटून जायचं. आईचं बोलणं पत्रात उतरलं की एखाद्या अर्जासारखं वाटायचं, आणि तरीही ताई प्रत्येक वेळी लिहायची, "आईचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं."

त्या पत्रानंतर दोन दिवस आई वाडीतच राबत होती. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ती माझी वाट पाहत बसली होती. पुढ्यात फडक्याची एक पुरचुंडी होती. राखेत ठेवलेलं झेंडूचं बी होतं ते.

"कागद घे," ती म्हणाली.

मी नेहमीचा मायना लिहिला. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"लिही. तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता."

मी वर पाहिलं.

"लिही," ती म्हणाली. "सतरा दिवसांचा होता. जुलैत गेला. खड्ड्यात पाणी भरत होतं. एकीकडून माणसं पाणी उपसत होती आणि दुसरीकडून ते येत होतं. त्याला पाण्यातच ठेवलं मी. महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर ते पाणीच होतं. मग नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तुझ्या आजीने मला हाताला धरून वाडीत नेलं आणि झेंडू पेरायला लावला. म्हणाली, मृतांच्या दिवसापर्यंत फुलं येतील, ती त्याला घाल. त्या वर्षापासून मी झेंडू लावते."

माझ्या लहानपणापासून मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, आम्ही टोपली भरून झेंडू सिमेट्रीत न्यायचो. वडील गेल्यावर त्यांच्या कबरीवर फुलं पसरून झाली की आई एक ओंजळ कोपऱ्यातल्या भिंतीपाशी ठेवायची. तिथे क्रूस नव्हता, काहीच नव्हतं. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी ती ठेवत असेल, असं मी समजत आले होते. एकवीस वर्षं मला एक भाऊ होता आणि मला ते माहीत नव्हतं. ताईलाही माहीत नव्हतं. माझं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि तिथे शाईचा डाग पसरला. पत्र पुन्हा लिहिते म्हणाले तर आई म्हणाली, "राहू दे. असंच जाऊ दे."

पुढचं तिने मोजून सांगितलं. बी मिळालं की लगेच डब्यात माती भरून पेर. घरात उबेला ठेव. पाणी हाताने शिंपड. दीड महिन्यात रोप वीतभर होईल. दफनाच्या दिवशी मुलीच्या चारी बाजूंनी लाव. या हिशेबात तिची कधी चूक होत नसे. आमच्याकडे पावसाचं सगळं बेताने करावं लागतं. आषाढ-श्रावणात गादीवाफ्यावर बी टाकायचं, पाऊस फार लागला तर वर माडाच्या झावळ्या धरायच्या, आणि उघडीप बघून रोपं हलवायची. आधी लावली तर मुळाशी पाणी साचून सडतात, उशीर झाला तर फुलं सण टळून गेल्यावर येतात. गावातल्या बायका आईचा वाफा बघून आपापली पेरणी ठरवायच्या.

बी पातळ कागदात पसरून, घडी करून मी पाकिटात घातलं. असं पाठवायला परवानगी असते की नसते, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

मार्चअखेर ताईचं चार ओळींचं पत्र आलं. बी मिळालं होतं, पेरलं होतं. भावाबद्दल एक शब्द नव्हता. मग मे गेला, आमच्याकडे पाऊस सुरू झाला, आणि जूनच्या मध्याला ते दुसरं पत्र आलं.

दफन झालं होतं. त्या दिवशी छान ऊन होतं, लोक स्वेटर काढून हातात घेऊन उभे होते, असं तिने लिहिलं होतं. खिडकीत वाढवलेली अठरा रोपं तिने स्वतःच्या हाताने लावली. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर सगळी काळी पडून जमिनीला चिकटली होती. "आदल्या रात्री दव पडलं आणि गोठलं. गवत पांढरं झालं होतं. एकही वाचलं नाही. आई, माझ्या हातून काही जगत नाही."

आईने मला ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं नाही. दवाचं मात्र दोनदा वाचायला लावलं.

"दवाने रोप कसं मरेल? दव तर चांगलं. थंडीत आपण दवावरच वाल पिकवतो."

"ते दव गोठतं, आई. बर्फ होतं."

"एवढंसं दव?"

मला ते नीट समजावता येईना. वर्गात मुलांना पाणी गोठतं हे मी शिकवत होते, पण मी स्वतःही ते कधी पाहिलं नव्हतं.  दोन दिवसांनी आई म्हणाली, "मीच सांगितलं तिला, दफनाच्या दिवशी लाव म्हणून. तिने माझं ऐकलं. तिच्या हाताचा दोष नाही." आणि थोड्या वेळाने, "मला बघायचंय कसं होतं ते."

मला एक युक्ती सुचली. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी आगाशीच्या बाजारातून, मासे विकणाऱ्या बायकांकडून, भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आणला. घरात खडेमीठ होतंच. बर्फात मीठ घातलं की तो आणखी थंड होतो, हे मला आइस्क्रीमच्या पिंपामुळे माहीत होतं. आईने वाफ्यात आपोआप उगवलेलं झेंडूचं एक रोप मातीसकट उचलून दुधाच्या डब्यात लावलं. डबा घमेल्यात ठेवला, भोवती बर्फ आणि मीठ घातलं, वर पातेलं पालथं घातलं आणि पातेल्यावरही बर्फ रचला. बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही दोघी पडवीत बसून राहिलो. आई माळ ओढत होती.

दोन-अडीच तासांनी तिने पातेलं उचललं. रोप उभं होतं. पानं जास्तच हिरवी दिसत होती, काचेसारखी. आईने एका पानाला हात लावला तर ते कडकन मोडलं. "जिवंत आहे की," मी म्हणाले. आईने मान हलवली आणि डबा बर्फातून काढून खाली ठेवला. बघता बघता ते रोप मऊ झालं, वाकलं आणि डब्याच्या कडेवरून लोंबायला लागलं. पानं काळपट, शिजवलेल्या भाजीसारखी झाली.

आईने एक काळं पान बोटांत चुरडून पाहिलं.

"हे तिने अठरा वेळा पाहिलं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने पत्र सांगायला घेतलं. माझी चूक झाली, तुझी नाही, हे तिने पहिल्यांदा लिहवून घेतलं. मग म्हणाली, "तिला विचार, तिथे कुणी म्हातारी नाही का? त्या मातीत राबलेली? मला तिथलं काय कळणार. जिला कळतं तिला जाऊन विचार म्हणावं. भाषा येत नसली तरी रोप हातात घेऊन जा. रोप दाखवलं की कुणीही बोलतं."

ताईचा स्वभाव मुळात भिडस्त. त्या गावात तीन वर्षं राहून ती इस्पितळाबाहेर कुणाशी फारशी बोललेली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. आईने सांगितलं म्हणून ती गेली. शेजारी दोन घरं सोडून एक म्हातारी राहायची, युक्रेनहून लहानपणी आलेली, उरलेला जन्म त्याच मातीत काढलेली. ताईने दार वाजवलं तेव्हा तिच्या हातात रोप नव्हतं, ती वेळ गेली होती. उरलेलं बी चिमटीत धरून ती दारात उभी राहिली. म्हातारीने विचारलं, कशासाठी? ताईने सांगितलं, आणि त्या अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात बसून ती पहिल्यांदा आपल्या मुलीबद्दल बोलली.

त्यानंतर आलेलं पत्र आठ पानांचं होतं. म्हातारीचं सगळं म्हणणं ताईने त्यात लिहून काढलं होतं. बर्फ वितळला, ऊन पडलं, झाडांना पालवी फुटली, तरी फसायचं नाही. मे महिना माणसाला हसून जवळ बोलावतो आणि रोपं मारतो. मेअखेरची किंवा जूनची पौर्णिमा येते, त्या रात्री आकाश निरभ्र असेल तर हमखास गोठतं. ती पौर्णिमा जाऊ द्यायची आणि मगच झेंडू बाहेर लावायचा. त्याआधी आठवडाभर डबे दिवसा दारात ठेवायचे, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, आणि संध्याकाळी आत घ्यायचे. सप्टेंबर लागला की पुन्हा गोठायला सुरुवात होते, तेव्हा जुन्या चादरी हाताशी ठेवायच्या.

आई ऐकताना मधूनमधून मान डोलवत होती. डबे हळूहळू बाहेर काढण्याचं ऐकून म्हणाली, "मी पण झावळ्या एकदम काढत नाही." शेवटी म्हणाली, "ही बाई खरी आहे. हिचं ऐक म्हणावं." आणि मग बोटांवर काहीतरी मोजायला लागली. "जून, जुलै, ऑगस्ट. तीनच महिने मिळतात तिला. आपला झेंडू तिथे उशीर करेल."

त्या वर्षी आमच्या वाफ्यात ज्या झाडांना सगळ्यात आधी फूल आलं, त्यांना आईने लाल दोऱ्याच्या गाठी मारल्या. बुटकी, फारशी देखणी नसलेली झाडं होती ती. त्यांची फुलं तिने सिमेट्रीतही नेली नाहीत, झाडावरच वाळू दिली. तेच बी जानेवारीत पाकिटात गेलं. बरोबर आईने सांगितलेली एकच ओळ होती, "हे लवकर फुलणाऱ्या झाडांचं आहे."

पुढचं वर्ष आम्ही त्या गावाच्या हवामानात काढलं म्हटलं तरी चालेल. मेमध्ये आमच्याकडे घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आई कॅलेंडरवर पौर्णिमा शोधत होती. ती रात्र आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आता लावत असेल." पण ताईने लावली नव्हती. म्हातारी येऊन, "आता लाव," म्हणून गेली, तरी तिला धीर झाला नाही. आणखी नऊ दिवस तिने डबे दारात आणि घरात, दारात आणि घरात केले. म्हातारी शेवटी स्वतः कुदळ घेऊन तिला सिमेट्रीत घेऊन गेली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली. आम्हाला ते सप्टेंबरात कळलं. सोबत रंगीत फोटो होता. लहानसा करडा दगड, भोवती केशरी झेंडू, मागे क्षितिजापर्यंत काही नाही. ताई फोटोत नव्हती. आईने फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला, फुलं मोजली, आणि विचारलं, "किती दिवस राहतील?"

"पत्रात लिहिलंय, सप्टेंबरच्या सुरुवातीला गोठेल. म्हणजे आत्तापर्यंत गेली असतील."

"तीन-चार आठवडे," आई म्हणाली. "मृतांच्या दिवसापर्यंत नाहीच पोहोचत."

"तेव्हा तिथे बर्फ असतो."

तिने फोटो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. मग तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं, घरच्या बोलीतच लिहिलं. असं मी पहिल्यांदाच केलं. त्याचा अर्थ असा होता की तिकडची जमीन जेव्हा फुलं देईल तोच तिचा दिवस समज, सणाची वाट बघत बसू नकोस. पाप लागत असेल तर ते मला लागू दे.

त्यानंतर दरवर्षी बी जात राहिलं. एका वर्षी गारा पडल्या, एका वर्षी हरणांनी खाल्लं. बाकी वर्षं फुलं आली. ताईला मुलगा झाला. म्हातारी वारली, तेव्हा ताईने तिच्याही कबरीवर झेंडू लावल्याचं कळवलं.

ऐंशी साल उलटल्यावर ताई पहिल्यांदा घरी आली, ऑगस्टमध्ये, मुलाला घेऊन. दहा वर्षं झाली होती तिला जाऊन. अंगाने सुकली होती आणि फार हळू बोलायची. पहिले आठ दिवस नातेवाइकांत गेले. त्या मुलीबद्दल आई आणि ताई एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांची सगळी बोलणी माझ्या हाताने कागदावर झाली होती, आणि आता समोरासमोर आल्यावर दोघींना ती कशी करावीत हे कळत नव्हतं.

एका सकाळी पावसाने उघडीप दिली. आईने आकाश पाहिलं आणि म्हणाली, "आज रोपं हलवू." वाफ्यावर वीतभर झेंडू तयार होता. आम्ही तिघी वाडीत गेलो. आई कुदळीने जागा करत पुढे जायला लागली, मी झारी घेऊन मागे, आणि मध्ये ताईने रोपं लावायची होती. तिने पहिलं रोप उचललं आणि ती तशीच उभी राहिली.

"लाव गं," आई म्हणाली.

"आणखी दोन दिवस थांबलो तर?"

"कशाला? उघडीप आहे. दोन दिवसांनी पुन्हा झोडपेल."

"तरी पण थांबूया."

आईने कुदळ टेकली. "रोपं तयार आहेत, जमीन तयार आहे. थांबून काय होणार?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. "उद्या सकाळी काहीतरी झालेलं असेल."

"इथे काय गोठणार आहे?" आई जरा चढ्या आवाजात बोलली. ऑगस्टच्या उकाड्यात आम्ही तिघी घामाने निथळत होतो.

"मला ठाऊक आहे गोठणार नाही!" ताई ओरडली. तिला ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "मला माहीत आहे, आई. तरी मला लावता येत नाही. तिथेही येत नाही. दरवर्षी शेवटपर्यंत वाटतं, मी लावलं की मरणार. म्हातारी होती तोवर ती लावायची, मी फक्त हातात द्यायचे. आता मी डोळे मिटून लावते."

आणि ती तिथेच, दोन सऱ्यांच्या मध्ये चिखलात बसली आणि रडायला लागली. आधी आवाज नव्हता. मग आला. घरातून तिचा मुलगा दारापर्यंत आला, आपल्या आईला तसं पाहून घाबरला, आणि मी झारी ठेवून त्याच्याकडे धावले. त्याला कडेवर घेऊन वळले तेव्हा आई ताईजवळ पोहोचली होती. तिने ताईला पोटाशी धरलं नाही, समजावलंही नाही. तिच्या मुठीत घट्ट धरलेलं रोप बोटं उलगडून सोडवून घेतलं, त्याची माती सारखी केली आणि लावलं. मुळाशी माती दाबली. मग स्वतःही त्या चिखलात, लुगड्यासकट, तिला लागून बसली.

"त्याला ठेवलं तेव्हा," आई म्हणाली, "पाणी इथवर होतं." आणि तिने आपल्या मनगटावर खूण केली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. "तू त्याचं नाव ठेवलं होतंस?"

आईने नाव सांगितलं. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग तिने विचारलं, "आणि तिचं?"

मी मुलाला घेऊन घरात गेले. भाताचं आधण ठेवलं, मुलाला केळं दिलं. खिडकीतून पाहिलं तेव्हा दोघी अजून तिथेच बसल्या होत्या आणि बोलत होत्या. दुपारी पाऊस आला तेव्हा निम्मा वाफा लावून झाला होता.